जॉइनिंगच्या आधीचा आठवडा: काय वाचायचं, काय बघायचं आणि कामाचं किती डोक्यात घ्यायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडते, म्हणजे मला बरोबर कळलाय का ते तुम्हालाही कळेल. कल्याणच्या शाखेत अकरा वर्षं क्लार्क होतात, आता प्रमोशन होऊन ऑफिसर झालात आणि पोस्टिंग मिळालीय थेट सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यातल्या ग्रामीण शाखेत. जुन्या शाखेतून रिलीव्ह झालात, जॉइन व्हायला आठवडा हातात आहे. बारा पुस्तकांची यादी काढली, तीन वेब सिरीज ठरवून ठेवल्या, आणि दोन दिवस गेले तरी एकही पुस्तक वीस पानांच्या पुढे गेलं नाही, सगळा वेळ मोबाईलवर गेला. मिसेस आणि चौथीतली मुलगी परीक्षेपर्यंत कल्याणलाच राहणार. आता पाच दिवस उरलेत, तर कुठून सुरू करू, कामाचं काही वाचून जाऊ का, आणि एकदा जॉइन झाल्यावर वाचन कायमचं बंद पडू नये म्हणून काय करू, असं तुम्ही विचारलंय.

मी बँकेतली नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, देवघेवीच्या टेबलावर बसून आयुष्याचा मोठा भाग गेला. आमचे निम्मे सभासद बदलीचे लोक आहेत, बँकवाले, शिक्षक, तहसीलमधले, एसटीतले, सिव्हिलमधल्या सिस्टर. कोण काय घेऊन जातं आणि काय न वाचता परत आणतं हे मला रोज दिसतं, त्यामुळे बँकेच्या कामाबद्दल मी जे सांगेन ते ऐकीव, आणि वाचण्याबद्दल जे सांगेन ते डोळ्यांनी बघितलेलं, असं धरून चाला.

पहिली गोष्ट, तुम्हाला वाटतंय की प्रॉब्लेम मोबाईलचा आहे किंवा यादी चुकली. मला तसं वाटत नाही. तुमचं जुनं टेबल सुटलंय आणि नवीन अजून मिळालेलं नाही, अशा वेळी माणसाचं डोकं रिकामं नसतं, उलट नेहमीपेक्षा जास्त भरलेलं असतं. खोली कुठे मिळेल, जेवणाचं काय, मॅनेजर कसे असतील, पासिंगला, म्हणजे इतरांनी केलेले व्यवहार मंजूर करायला बसल्यावर आपल्या आयडीने काही चुकीचं पास झालं तर, मुलीला रात्री झोप येईल का आपण नसताना. हे सगळं मागे चालू असतं आणि समोर चारशे पानांची कादंबरी उघडलेली असते. मग तिसऱ्या पानावर कळतं की दुसरं पान डोळ्यांनी वाचलं पण डोक्यात काहीच गेलं नाही. सुट्टी आहे म्हणजे वाचायला भरपूर वेळ आहे असा हिशेब लोक करतात आणि वेळ असतोही, फक्त लक्ष नसतं, आणि जाड पुस्तकाला वेळेपेक्षा लक्ष जास्त लागतं.

आमच्याकडे हे इतक्यांदा बघितलंय की आता मी आधीच सांगते. कुणी बदलीच्या आधी, मुलीच्या लग्नाच्या आधी, रिटायर व्हायच्या आठवड्यात दोन-तीन जाड पुस्तकं मागितली की ती परत येतात तेव्हा खुणेचा कागद पहिल्या तीस-चाळीस पानांतच असतो. आणि तोच माणूस चार महिन्यांनी, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर, तेच पुस्तक घेऊन जातो आणि दहा दिवसांत वाचून परत आणून देतो. पुस्तक तेच, माणूस तोच, फक्त वेळ वेगळी.

म्हणून माझं तुम्हाला मुख्य सांगणं हेच की लांबलचक सगळं आटपाडीला घेऊन जा, आणि या पाच दिवसांत फक्त संपणाऱ्या गोष्टी घ्या. यादी फाडू नका, दोन ढीग करा. तुमच्या यादीतल्या त्या तीन जाड ऐतिहासिक कादंबऱ्या, ते आत्मचरित्र, आणि तिन्ही सिरीज, हे सगळं तिकडच्या ढिगात. कारण तिकडे काय होणार आहे बघा. परीक्षा होईपर्यंत तुम्ही एकटे असणार, शाखा बंद करून सात-साडेसातला खोलीवर याल, जेवण झाल्यावर झोपेपर्यंत दोन तास रिकामे, गावात ओळख नाही, घरचे लांब. त्या दोन तासांना जाड कादंबरीसारखी सोबत नाही, हे मी सोय म्हणून सांगत नाहीये, बदलीवर एकटे राहिलेले कितीतरी सभासद हेच सांगतात. रोज तीस पानं म्हटली तरी सहाशे पानं वीस दिवसांत होतात, आणि रोज सलग वाचल्यामुळे माणसं, नाती, तहनामे सगळं लक्षात राहतं. ती पुस्तकं आता घाईघाईने उघडून वाया घालवू नका.

आता या आठवड्यातलं. तुम्ही आटपाडी लिहिलंत म्हणून मला एकच पुस्तक सुचतं आणि ते तुमच्या यादीत नाही याचं आश्चर्य वाटलं, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. 1955 चं पुस्तक, छोटं, साधारण सव्वाशे-दीडशे पानांच्या आसपास, आवृत्तीप्रमाणे थोडं कमी-जास्त. मी हे सगळ्यांना सरसकट देत नाही, पण तुम्हाला देण्याचं कारण असं की गोष्टच मुळी पोस्टिंगची आहे. राजाराम नावाचा तरणा मास्तर पहिल्या नोकरीवर माणदेशातल्या, म्हणजे तुम्ही चाललाय त्याच मुलखातल्या, धनगरांच्या वाडीत रुजू व्हायला चालत निघतो, तिथे शाळा नावालाच आहे, लोक मेंढरांमागे असतात, मास्तरचं काम काय आणि त्याच्याकडून अपेक्षा काय याचा काही मेळ नाही. आणि हळूहळू ते लोक त्याच्याकडे शाळेपलीकडची कामं घेऊन यायला लागतात. आता यात मास्तरच्या जागी ग्रामीण शाखेतला नवीन साहेब ठेवून बघा. आमच्याकडे बदलून आलेल्या एका बँकवाल्यांनी ही कादंबरी परत करताना मला सांगितलं होतं की लोक टेबलाशी येऊन अर्ज भरून मागतात, भांडणं सांगतात, पोराच्या ॲडमिशनचं विचारतात, ते सगळं काम नसून अडथळा आहे असं मला पहिले काही महिने वाटायचं, हे आधी वाचलं असतं तर तसं वाटलं नसतं.

माडगूळकरांची वाक्यं छोटी आहेत, प्रकरणं छोटी आहेत, आणि ते समजावून सांगत बसत नाहीत, दाखवतात. म्हणून विस्कटलेल्या लक्षालाही ते वाचता येतं. तासाला पंचवीस-तीस पानं हा साधारण वेग धरला तर पाच-एक तासांचं पुस्तक आहे, तीन सकाळींत आरामात संपतं. आणि संपणं महत्त्वाचं आहे. दोन दिवस काहीच झालं नाही म्हणून तुम्हाला जे अपराधी वाटतंय ना, ते एक पूर्ण पुस्तक हातावेगळं झालं की जातं. पन्नास पानं सहा पुस्तकांची वाचून ते जात नाही.

तुम्हाला कदाचित कल्पना नसेल, पण तुम्ही ज्या तालुक्यात चाललाय त्याने मराठीला केवढं दिलंय. व्यंकटेश माडगूळकर माडगूळचे, ते गाव आज आटपाडी तालुक्यात येतं. त्यांचे थोरले बंधू गदिमा, त्यांचा जन्म त्याच तालुक्यातल्या शेटफळ्याचा. आणि शंकरराव खरात खुद्द आटपाडीचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष बघा, 1973 ला यवतमाळला गदिमा, 1983 ला अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर आणि लगेच 1984 ला जळगावला शंकरराव खरात. पावसाने कायम पाठ फिरवलेल्या मुलखातून हे लोक आले. मला ह्या गोष्टीचं फार अप्रूप आहे आणि तिकडच्या लोकांना त्याचा अभिमान आहे, तुम्ही नवीन म्हणून गेलात आणि हे तुम्हाला माहीत असलं तर पहिल्या चहालाच ओळख होईल.

खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र मात्र तिकडच्या ढिगात ठेवा, आत्ता नको. ते मोठं आहे आणि हलकं नाही. पण वाचाच, असं मी आग्रहाने सांगेन, आणि ‘बनगरवाडी’ झाल्यानंतर वाचा. मुलूख तोच, दुष्काळ तोच, पण तराळकीचं, म्हणजे गावाचे निरोप-सांगावे पोचवण्याचं काम करणाऱ्या घरातून बघितलेलं गाव आणि बाहेरून आलेल्या मास्तरने बघितलेलं गाव यात केवढा फरक आहे ते कळतं. तुमच्या टेबलासमोर दोन्हीकडचे लोक बसणार आहेत, एकाच बाजूचं वाचून गेलात तर अर्धंच गाव दिसेल.

पुस्तक कुठून आणायचं तर कल्याणमध्येच सार्वजनिक वाचनालय आहे, 1864 पासूनचं, तिथे ‘बनगरवाडी’ असणारच. सभासद नसाल तर वर्गणी भरण्यात अर्थ नाही कारण तुम्ही चाललाय, पण मिसेसच्या नावाने सभासदत्व घ्या, त्या आणि मुलगी वापरतील. नाहीतर सरळ विकत घ्या, फार महाग नाही, आणि हे पुस्तक घरात असावं असंच आहे.

आता बघण्याचं. सिरीज या आठवड्यात नको म्हणाले त्याचं कारण पुस्तकापेक्षा वेगळं आहे. आठ-दहा भागांचा सीझन, एकेक भाग पाऊण तासाचा, म्हणजे सात तास एका सीझनचे. आणि प्रत्येक भाग अशा ठिकाणी सोडलेला असतो की पुढचा लावल्याशिवाय राहवत नाही, त्यात तो आपला आपण सुरू होतो. रात्री साडेबारा-एक होतात, सकाळी डोकं जड, सकाळ हीच वाचायची वेळ होती ती गेली, मग दुपारभर मोबाईल. तुमचे दोन दिवस असेच गेले असणार, तुम्ही लिहिलं नसलं तरी. सिनेमा दोन तासांत संपतो, संपल्यावर माणूस उठतो, त्यावर घरात बोलणं होतं. म्हणून रोज संध्याकाळी एक सिनेमा, जेवणाच्या आधी सुरू करायचा आणि घरातल्या तिघांनी मिळून बघायचा, एवढंच ठेवा.

‘बनगरवाडी’वर 1995 मध्ये अमोल पालेकरांनी सिनेमा केलाय, राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला होता. पुस्तक संपल्यावर बघा, आधी नको. कारण सिनेमा आधी बघितला की मग मास्तर वाचताना त्या नटाचाच चेहरा दिसतो, आपण स्वतः मनात केलेला मास्तर राहत नाही. पुस्तक आधी वाचलं तर सिनेमा बघताना दोन मास्तर शेजारी ठेवता येतात, दिग्दर्शकाने काय घेतलं काय सोडलं हे दिसतं, आणि ती वेगळीच मजा आहे. मिसेसनी पुस्तक वाचलं नसलं तरी त्यांना सिनेमा दाखवा, तुम्ही कुठल्या मुलखात राहायला चाललाय ते त्यांना डोळ्यांनी दिसेल, माळ, मेंढरं, वाडीची घरं. अर्थात तो जुना काळ आहे. आज टेंभू योजनेने कराडजवळून कृष्णेचं पाणी उचलून त्या भागात पोचवलंय, डाळिंबाच्या बागा आहेत, गावोगाव मोबाईल आहे. सिनेमा बघून मिसेस घाबरतील तर हे त्यांना सांगा. बाकीच्या संध्याकाळी काय बघायचं ते मुलीला ठरवू द्या, मनापासून सांगते. परीक्षेपर्यंत तिला बाबा फक्त शनिवार-रविवारचे मिळणार आहेत, या आठवड्यात रिमोट तिच्या हातात असला तर काही बिघडत नाही.

तुम्ही मुलीबद्दल एकाच ओळीत लिहिलंय पण मला वाटतं डोक्यातलं सगळ्यात मोठं ओझं तेच आहे, म्हणून थोडं लांबवते. आजपासून रोज रात्री झोपताना तिला पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा. ती चौथीत आहे, स्वतः वाचू शकते, तरी तुम्ही वाचा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट बघायला मिळतात, त्यात गोष्टी आहेत, कविता आहेत, चित्रं सुंदर आहेत. एखादी मोठी गोष्ट घ्या जी या आठवड्यात संपणार नाही. हो, तुमच्यासाठी मी संपणाऱ्या गोष्टी म्हणाले आणि तिच्यासाठी न संपणारी म्हणतेय, कारण उरलेली गोष्ट तुम्ही आटपाडीहून फोनवर वाचून दाखवायची आहे. रोज रात्री ठरलेल्या वेळी. नुसत्या फोनवर लहान मुलं काय बोलणार, जेवलीस का, अभ्यास झाला का, एवढ्यात संपतं. गोष्ट अर्धी राहिलेली असली की फोनची ती वाट बघते. आमच्या एक सभासद बाई, नर्स, लांब पोस्टिंग होतं तेव्हा मुलासाठी असंच करायच्या, एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या होत्या, एक घरी एक स्वतःजवळ, म्हणजे आई वाचताना मुलगा चित्रं बघायचा. ‘किशोर’ ऑनलाइन असल्यामुळे तुम्हाला तेही सोपं आहे.

आणि तुमच्या त्या तीन सिरीज, त्यातली एक मिसेसबरोबर ठरवून घ्या, त्यांनी कल्याणला बघायची तुम्ही आटपाडीला, आठवड्याला दोन भाग, आणि पुढचा भाग एकट्याने बघायचा नाही एवढा नियम. पुढचा भाग आपोआप सुरू होतो ती सेटिंग बंद करता येते, ती आधी बंद करा.

मोबाईलचं. तुम्ही लिहिलंय की रील्समध्ये वेळ जातो. रील्समध्ये जातोच, पण तुमच्या फोनवर आत्ता अजून एक गोष्ट असणार, प्रमोशन झालेल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. कुणाला कुठे पोस्टिंग, कुणी रिक्वेस्ट टाकली, कुणाची ऑर्डर बदलली. बदलीच्या सीझनला आमच्या वाचनकक्षात शिक्षक लोक बसलेले असतात तेव्हा मी बघते, पुस्तक उघडं असतं आणि दर पाच मिनिटांनी फोन उलटा-सुलटा होतो. त्यात करमणूक नसते, काळजी असते. म्हणून फोन पूर्ण बंद करा वगैरे सांगण्यात काही अर्थ नाही, तुमची ऑर्डर, खोलीवाल्याचा फोन सगळं त्यावरच येणार. तो ग्रुप म्यूट करा आणि दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा असं बघा, दोन वेळा पुरतं, ऑर्डर बदलली तर ती ग्रुपवर कळायच्या आधी तुम्हाला ऑफिशियली कळेलच. आणि सकाळचा पहिला चहा पुस्तकाबरोबर, फोन दुसऱ्या खोलीत. सकाळीच का, तर झोप झालेली असते आणि कुणाचा मेसेज अजून वाचलेला नसतो, डोकं त्यातल्या त्यात मोकळं. दुपारी जेवणानंतर कुणी वाचू शकत नाही, तेव्हा सरळ झोपा. अकरा वर्षं काउंटरवर बसून आणि आता हे प्रमोशनचं टेन्शन, तुमची झोप उधार आहेच. पहिले दोन दिवस वाया गेले म्हणताय त्यातला काही भाग तरी शरीराने आपला हक्क वसूल केला असं समजा.

कामाचं वाचून जाऊ का. इथे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी दोन्ही बाजू सांगते. तुम्ही त्याच शहरात दुसऱ्या शाखेत जात असता तर मी म्हणाले असते काहीही वाचू नका, जाऊन बघा. पण इथे तीन गोष्टी एकदम बदलतायत, पद, गाव आणि ग्राहक. कल्याणला पगारदार आणि व्यापारी, तिकडे शेतकरी, बचत गट, पीक कर्ज, सातबारा. त्यामुळे थोडं वाचून जाणं मनाला आधार देईल. थोडं म्हणजे एकाच दिवशी, सकाळी दोन तास, वही घेऊन. रोज थोडं थोडं करू नका, नाहीतर पाचही दिवस ऑफिस डोक्यात राहील. त्या दोन तासांत डोक्यात फिरणारे सगळे प्रश्न लिहून काढा, पासिंग पॉवर किती, कॅशची दुसरी किल्ली कुणाकडे असते, कुठल्या कामाला कुणाला विचारायचं, खोलीचं डिपॉझिट, सगळं. जुन्या शाखेतल्या तुमच्या विश्वासातल्या ऑफिसरला एक फोन करून त्यातले निम्मे प्रश्न सोडवा. उरलेले पहिल्या आठवड्यात तिथे विचारा आणि वही मिटा. प्रश्न कागदावर आले की पुस्तक वाचताना मधे मधे डोकं वर काढत नाहीत, हे मी विद्यार्थ्यांनाही सांगते, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेत बसणाऱ्यांना.

सर्क्युलर आणि मॅन्युअल आत्ता वाचू नका असं मी म्हणेन. आमचे बँकवाले सभासद सांगतात की सिस्टीमसमोर बसल्याशिवाय त्यातलं काही लक्षात राहत नाही. त्याऐवजी गॅझेटियर वाचा. हे ऐकून तुम्हाला वाटेल ग्रंथपालांचं आपलं काहीतरी. पण जिल्हा गॅझेटियर म्हणजे त्या जिल्ह्याची पूर्ण ओळख असते, नद्या, जमीन, पिकं, बाजार, जत्रा, कुठली माणसं काय धंदा करतात. इंग्रजांच्या काळात जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याची निघाली, पुढे महाराष्ट्र सरकारच्या दर्शनिका विभागाने नवीन काढली, आणि ती ऑनलाइन मोफत बघता येतात. सांगलीचं काढा आणि सगळं वाचू नका, फक्त आटपाडी, खानापूर, जत या बाजूचं चाळा. माणगंगेचं खोरं, खिल्लार जनावरं, खरसुंडीची जत्रा. शिवाय एक गोष्ट गॅझेटियरपेक्षा लोकांकडून जास्त कळेल, ती आत्ताच सांगते, खानापूर-आटपाडी भागातली असंख्य माणसं गलाईच्या धंद्यात आहेत, सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, आणि त्यासाठी ती तामिळनाडू, केरळ, दिल्ली अशी देशभर पसरलीयत. गावात म्हातारे आई-वडील आणि पैसा येतो लांबून. तुमच्या शाखेत कोईमतूरहून पैसे आले तर आश्चर्य वाटायला नको. आणि आठवडी बाजाराचा वार कुठला ते जायच्या आधी विचारून घ्या, त्या दिवशी शाखेत गर्दी असणार, त्या वारी जॉइन झालात तर पहिल्या दिवशी कुणाला तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ नसेल.

मी हे कामाचं वाचन म्हणून सांगत नाही, हे अर्धं करमणुकीचंच आहे. जायच्या गावाबद्दल वाचताना भीती कमी होते, कारण आतापर्यंत ते ऑर्डरवरचं नुसतं नाव होतं.

तर पाच दिवस साधारण असे जातील. सकाळी चहाबरोबर ‘बनगरवाडी’, तीन सकाळी. एक सकाळ वही आणि गॅझेटियर. पाचवी सकाळ बांधाबांध, त्यात वाचायचा हट्ट नको. दुपारी झोप, संध्याकाळी एक सिनेमा घरच्यांबरोबर, रात्री पंधरा मिनिटं मुलीला गोष्ट. यातलं काही चुकलं तर चुकू द्या, मुलीला बागेत जायचं असलं तर सिनेमा सोडा. तुम्ही एकटे राहणारे असता किंवा जुळवून घ्यायला महिना मिळाला असता तर मी हे सगळं वेगळं सांगितलं असतं, महिना असता तर एक जाड कादंबरीसुद्धा या ढिगात आली असती. आणि तुमचा वाचायचा वेग मुळातच दांडगा असेल, ‘बनगरवाडी’ एका बैठकीत झाली, तर माडगूळकरांच्याच कथा घ्या, ‘माणदेशी माणसं’, एकेक माणूस एका बैठकीचा, मुलूख तोच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जॉइन झाल्यावर वाचन बंद पडण्याचा. पहिल्या महिन्यात ते जवळजवळ बंद पडेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. नवीन पदावर आलेल्या सगळ्यांचं पडतं, आमच्या रजिस्टरला दिसतं, बदलून आलेला माणूस लगेच सभासद होतो आणि मग पहिला महिनाभर एकच पुस्तक त्याच्या नावावर पडून असतं. त्या महिन्यात कादंबरी नको, जुने दिवाळी अंक वाचा. मी टाकाऊ म्हणून सांगत नाही, 1909 ला ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठीतलं कितीतरी चांगलं लिखाण आधी दिवाळी अंकातच आलंय. एक लेख, एक कथा, वीस मिनिटांत संपते, मधे चार दिवस गॅप पडली तरी धागा तुटत नाही. हॉस्पिटलमध्ये पेशंटजवळ बसणाऱ्यांना मी कायम दिवाळी अंकच देते, त्याच कारणाने. कल्याणला रद्दीवाल्याकडे किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात चार-पाच अंक सहज मिळतील, बॅगेत टाका.

दुसऱ्या महिन्यापासून जाड कादंबरी काढा. बँकांना 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे, ते दोन शनिवार-रविवार तुम्ही कल्याणला जाणार हे धरूनच चाला, तो वेळ घरच्यांचा. मधले पहिला-तिसरा शनिवार कामाचे, त्यांच्या रविवारी तुम्ही तिकडेच असाल, आणि तो रविवार वाचायचा. पूर्ण दुपार. येण्या-जाण्याच्या लांबच्या एसटी प्रवासात पुस्तक वाचायचं ठरवू नका, घाटात आणि खड्ड्यात बऱ्याच जणांना मळमळतं, प्रवासात कानाला लावून ऐकायचं काही ठेवा किंवा झोपा.

आणि पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या वाचनालयात जाऊन सभासद व्हा, वाचायला वेळ नसला तरी. महाराष्ट्रात 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे तालुक्याच्या ठिकाणीच काय, कितीतरी छोट्या गावांतही शासनमान्य वाचनालयं आहेत, अ-ब-क-ड वर्गातली. वर्गणी किरकोळ असते, थोडी अनामत भरावी लागते, ती सोडताना परत मिळते, बँकेचं ओळखपत्र दाखवलंत की पुरतं. नवीन गावात चहाच्या टपरीनंतर माणसांची ओळख व्हायची दुसरी जागा तीच. संध्याकाळी पुस्तक बदलायला येणारे रिटायर्ड गुरुजी, एखादा कथा लिहिणारा, वर्तमानपत्र वाचायला येणारे शेतकरी, हे लोक तुम्हाला गाव जसं सांगतील तसं शाखेत बसून कळणार नाही. तिथल्या ग्रंथपालांना सांगा की या भागातल्या लेखकांचं वाचायचंय, ते कपाट उघडून देतील, मुक्तद्वार असेल तर तुम्ही स्वतःच फिरून बघा.

गाव नक्की कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. आटपाडी शहर, खरसुंडी, दिघंची, की आतलं कुठलं, तेवढं कळवा, कारण आतलं असेल तर वाचनालय आठवड्यातून किती दिवस आणि किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारून ठेवावं लागेल, संध्याकाळी सहाला बंद होणारं असेल तर तुमच्या उपयोगाचं नाही. त्या बाजूच्या वाचनालयांतली काही मंडळी माझ्या ओळखीची आहेत, मी विचारते.